फणसाची तुळई

अर्धांगवायूने अब्बांचा उजवा हात गेला. उभी हयात सुतारकीत घालवलेला माणूस कुसगावच्या घरात खिडकीशी बसून राहायचा. बोलणंही बेताचंच. मी लोणावळ्यात एका हॉटेलात रिसेप्शनवर होते. संध्याकाळी आले की त्यांच्या हत्यारांच्या पेटीवरची धूळ तेवढी पुसायचे.

त्या पावसाळ्यात शेजारच्या मावशींचा फणस वाऱ्याने आडवा झाला. मावशी तळेगावात शिक्षिका होत्या, आता निवृत्त. त्यांनी जळणासाठी लाकूडतोड्या बोलावलेला पाहून अब्बा खिडकीतून ओरडले, "थांबवा त्याला! फणसाचं लाकूड हाय ते, चुलीत घालताय व्हय?"

"मग तुम्हीच न्या," मावशी हसून म्हणाल्या. "आणि मागच्या दारी एक पडवी करून द्या मला."

"देतो."

कोणत्या हाताने, हे विचारायचा धीर आमच्यात कुणालाच झाला नाही.

लाकूड गिरणीत कापून आणलं, सावलीत रचून वर्षभर वाळवलं. मग अब्बांनी डाव्या हातात पेन्सिल धरली. रेघा त्यांनी आखायच्या, करवत आणि पटाशी मी चालवायची. खांबाच्या डोक्याला जीभ काढायची, तुळईच्या पोटात तिच्या मापाची खाच. खिळा एकही नाही. माझी पहिली जीभ खाचेत खुळखुळायला लागली.

"लय ढिली झाली की गं," म्हणत अब्बा हसले. दुखण्यानंतर पहिल्यांदाच. मला रडूच आलं, आणि त्यांना वाटलं की मी चुकले म्हणून रडतेय. "आगं, लाकूड हाय अजून. दुसरी कर."

एका रविवारी सकाळी शेजाऱ्यांनी मिळून तुळई उचलली. एका खांबावर ती अडली. मी हातोडा उचलला.

"जोर नको. खाली घ्या तिला," अब्बा म्हणाले.

मी पटाशीने जिभेच्या कडेचा पातळ पापुद्रा काढला. पुन्हा उचलली, तेव्हा तुळई अलगद बसली. सांध्यात लाकडी खुंटी मात्र अब्बांनीच ठोकली, डाव्या हाताने. पहिला घाव हुकला. दुसरा लागला. मावशी टाळ्या वाजवत सुटल्या.

आता अब्बा रोज अंगणात बसतात, आणि मी हॉटेलात अर्धाच दिवस जाते. कुठे झाड पडलं की लोक आधी आम्हाला फोन करतात. सध्या सोमाटण्याहून आणलेलं जांभूळ वाळतंय. त्याचा दरवाजा करायचा की झोपाळा, यावरून आमचं दोघांचं रोज भांडण चालू आहे.