हललेला फोटो

सकाळी दहाच्या सुमारास लोहगावहून लढाऊ विमानं उडतात आणि वाघोलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. परवा त्या थरथरल्या तेव्हा मी जुन्या चादरीत गुंडाळून आणलेलं एक चित्र सोडवत होतो. चादरीला जवसाच्या तेलाचा वास होता, आणि त्या वासासरशी माझा बालमित्र समोर उभा राहिला. त्याला जाऊन आता वर्ष होईल. चित्र त्याचंच. वहिनींनी देताना एवढंच सांगितलं, "भावजी, हे तुमचंच आहे, तुम्हाला पोचवायला सांगितलं होतं त्यांनी." मला वाटलं, आठवण म्हणून दिलं असेल.

चित्रात राखाडी आभाळ आहे आणि तीन लढाऊ विमानं. पण नीट पाहू जावं तर एकाचीही कड हाती लागत नाही. रंग ओला असतानाच त्याने त्यावरून कोरडा, रुंद ब्रश आडवा ओढला होता. पंख आभाळात मिसळलेत, शेपट्या विरघळल्यात, आणि उजवीकडची बरीचशी जागा नुसतीच रिकामी आहे. हे चित्र मी सतरा वर्षांपूर्वी त्याच्या पहिल्या प्रदर्शनात पाहिलं होतं. खाली पाटी होती, 'हललेला'. मी तेव्हा वर्तमानपत्रात चित्रांवर लिहीत असे, म्हणजे जिभेला धार होती आणि ती दाखवायची खाजही. चार लोक ऐकताहेत असं बघून म्हणालो, "हललेला म्हणतोस आणि भिंतीवर लावतोस? असले फोटो आम्ही फेकून देतो." लोक हसले. तोही हसला. "माहीत आहे," एवढंच म्हणाला. पुन्हा त्याने प्रदर्शन भरवलं नाही. भेटी होत राहिल्या, पण चित्रांचा विषय निघाला की तो चहा टाकायला उठायचा. मी त्याला मानी म्हणायचो. चूक आपली असली की समोरचा मानी वाटतो, हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

चादर पुरती सुटली तेव्हा चौकटीच्या मागे खोचलेला एक छोटा कृष्णधवल फोटो खाली पडला. तीच तीन विमानं, तीच रिकामी जागा, तसंच सगळं पुसट. उलटून पाहिलं. मागे स्टुडिओवाल्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हललेला'. तो फोटो मी काढलेला होता.

शाळेत होतो आम्ही. त्याचे वडील लोहगावला लढाऊ विमानांच्या इंजिनांची देखभाल करायचे. सुट्टीच्या दिवशीही त्यांचे कान आभाळाकडेच. "जाणारी मोजायची नसतात रे, येणारी मोजायची," असं म्हणायचे, आणि जाणारीही गुपचूप मोजायचे. त्या दुपारी मी मामाचा कॅमेरा घेऊन त्यांच्या गच्चीवर गेलो होतो. तिथे फोटो काढायला बंदी, म्हणून सगळा मामला चोरून. सकाळी चार विमानं गेली होती. परतताना तीनच दिसली. कपडे वाळत घालणारे काका, म्हणजे त्याचे वडील, ओला सदरा हातात घेऊन तसेच थांबले आणि म्हणाले, "तीन?" त्याच क्षणी मी बटण दाबलं. चौथं बऱ्याच वेळाने आलं, सुखरूप उतरलं, आणि काका जिन्याच्या पायरीवर बसून त्या सदऱ्यात तोंड खुपसून रडले. फोटो धुऊन आला तेव्हा मी तो एकदा पाहिला आणि टाकून दिला. माझ्या या मित्राने तो उचलला असणार.

लढाऊ विमानांचं चित्र म्हटलं की आपल्याला चकाकते पंख हवे असतात, छाती फुगायला हवी असते. त्याने विमानं रंगवलीच नव्हती. 'तीन?' या प्रश्नापासून चौथं दिसेपर्यंतची ती वेळ रंगवली होती, आणि ती वेळ स्पष्ट कुणाला दिसते? भीतीने हात माझा हलला होता. त्याने तो फोटो जन्मभर जपला आणि मी चारचौघांत त्याचीच थट्टा केली. एका शब्दाने तो मला गप्प करू शकला असता. त्याने केलं नाही, याची आता फार लाज वाटते.

चित्र खिडकीसमोर लावलं आहे. हल्ली विमानं परतताना मीही मोजतो. ते चौथं विमान उशिरा का होईना, आलं होतं. मला यायला सतरा वर्षं लागली, आणि तोवर गच्चीवर वाट बघणारं कोणी उरलं नाही.