दुपारची एसटी आणि सँडलचं बक्कल

सुमनबाईंनी आमची एसटी चुकवली होती.

मुद्दाम.

आज पहाटे त्या गेल्या. फोन आल्यापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. भाजी चिरायला घेतली, सोडली. कपडे वाळत घातले आणि ओलेच परत काढून आणले. बसवतच नाही, म्हणून लिहितेय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट.

कर्जतला बाईंची बालवाडी होती. पत्र्याची एक खोली, पुढे लिंबाचं झाड. छडी नाही, पाढे नाहीत, घोकंपट्टी नाही. पोरं पाणी ओतायची, शेंगा सोलायची, केर काढायची. ज्याला जे करावंसं वाटेल ते त्याने उचलायचं. बाईंना विचारायचंसुद्धा नाही.

माझ्या सासूबाई म्हणायच्या, "केर काढायला साळंत कशाला घालायचं? घरी काय केराची कमी हाय?"

मलाही तसंच वाटायचं. पण माझा शिवणक्लास तिथून दोन गल्ल्या पलीकडे होता आणि नितीनला तेवढा वेळ कुठेतरी ठेवणं भाग होतं.

नितीन आमचा नवसाचा. त्याच्या आधीची लेकरं राहिली नाहीत. त्यामुळे हा खाली पाय टेकवेल तर शपथ! चार वर्षांचा घोडा, पण घास आम्ही भरवायचा, नाक आम्ही पुसायचं, चड्डीचं बटण आम्ही लावायचं. तहान लागली तर तोंडाने मागायचा नाही, नुसता माठाकडे बघायचा. की आम्ही सगळे धावलो.

आमच्या माघारी हे पोर जगणार कसं, याची मला फार भीती वाटायची. आणि भीती वाटली की मी त्याला आणखी घट्ट कडेवर घ्यायची.

बाई सगळं बघायच्या. हात कायम पाठीमागे, एका हातात दुसऱ्याचं मनगट धरलेलं. मी मनात म्हणायची, काय ऐट आहे बाईची! इन्स्पेक्टर लागून गेली जणू.

तर त्या दिवशी क्लास सुटायला उशीर झाला. आमच्या गावाकडची दुपारची गाडी गाठायची म्हणून मी धावतपळत आले. बाकीची पोरं घरी गेलेली. नितीन एकटाच उंबऱ्यावर. एक सँडल पायात, दुसऱ्याच्या बक्कलाशी झटापट चाललेली. समोर बाई जमिनीवर बसलेल्या. हात मागे.

मी वाकले.

"थांबा," बाई म्हणाल्या.

"अहो, गाडी!"

"त्याने आज आपणहून हातात घेतलंय. पहिल्यांदाच. थांबा जरा."

पट्टा आत जाईना. गेला तर काडी भोकात बसेना. जीभ बाहेर, नाक वाहतंय, आणि त्याला कशाचं भानच नाही. माझे तळहात नुसते शिवशिवत होते. स्टँड जवळच होता, तिथून इंजिन चालू झाल्याचा आवाज आला.

"बाई, पाया पडते तुमच्या. लावू द्या मला. आता पाचशिवाय गाडी नाही!"

"मग पाचच्या गाडीने जा."

किती सहज! जणू काही मला घरी सासूच नव्हती.

गाडी गेली. मी ती जाताना ऐकली. मग मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, "तुमचं काय जातंय? तुमचं घर इथंच. तुम्हाला कसली आलीय घाई?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पाठीमागचे हात तेवढे पुढे आणले. मनगटावर बोटांचे लालबुंद वळ उठले होते.

"मलाच जास्त घाई असते हो," त्या म्हणाल्या. "मोकळे सोडले की हे धावतात. म्हणून धरून ठेवते."



तेवढ्यात बक्कल लागलं. नितीन बघतच राहिला त्याच्याकडे. आता उठेल म्हणून मी पिशवी उचलली.

त्याने बक्कल काढलं. आणि पुन्हा लावायला घेतलं.

मी कपाळावर हात मारला, बाई पोट धरून हसल्या. मग आम्ही तिघांनी त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली. नितीनने माठातलं पाणी स्वतः घेतलं. निम्मं अंगावर, निम्मं पोटात.

पाचच्या गाडीला ही गर्दी. कंडक्टरने त्याला सवयीने बखोटीला धरलं.

"सोड. मी चढतो."

हे माझं पोर बोललं. ज्याने आजवर पाणी मागितलं नव्हतं, ते.

एसटीची पायरी त्याच्या छातीएवढी. गुडघा टेकव, घसर, दांडा धर. पुढून ड्रायव्हर ओरडला, "काय झालं रं? मार की घंटी!"

कंडक्टर दोरी धरून तसाच उभा. "दम धरा! पॅसेंजर चढतोय!"

सगळी गाडी थांबली. मी खाली उभी होते. हात माझ्याही नकळत पाठीमागे गेले होते. डोळ्यांतलं पाणी पुसायलासुद्धा मी ते सोडले नाहीत.

सासूबाई वाट बघून रडकुंडीला आलेल्या. "कुठं मेली हुतीस गं? आन् ह्यो फाट्यापासनं पायानं आला व्हय? कडंवर न्हाई घेतलंस?"

"घेऊच देत नाही," मी म्हणाले. सांगताना काय वाटत होतं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

बालवाडी पुढे काही वर्षांनी बंद पडली. टाय-बुटाची शाळा आली, पोरं तिकडे गेली. याचा मला आजही संताप येतो. बाईंनी मात्र कुणाला बोल लावला नाही.

आत्ता नितीन पुण्याहून निघालाय. मला घेऊन कर्जतला जायचंय. "आई, मी येतो. तू थांब फक्त," एवढंच म्हणाला.

मी तयार होऊन दारात बसलेय. कुठे पोचलास, जेवलास का, हळू चालव, सगळं विचारायला बोटं शिवशिवतायत.

नाही विचारणार. फोन खाली ठेवतेय. मनगट धरून बसते.

बाई, तुम्ही मात्र आता तुमचं सोडा. झाली सगळी पोरं चढून.

तुम्हाला भरल्या डोळ्यांनी निरोप.