एकवीसशे इंचांचं कपाट

“या कपाटात आख्खं अल क्वोज झोपेल!” ऑफिसच्या काचेपलीकडे आमचे जुने सुतार हमीदचाचा मशीनवाल्याला म्हणाले आणि दोघं हसले.

आज घरी नवं कपाट आलं, ताज्या प्लायवूडचा वास सुटला आणि आखातातल्या अल क्वोज या कारखान्यांच्या वस्तीतलं ते वर्कशॉप आठवलं. मी तिथे प्रोबेशनवर होते आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर नुकतंच शिकायला लागले होते. कपाटाची उंची मी एकवीसशे टाकली, पण सेटिंगमध्ये मिलिमीटरऐवजी इंच राहिले होते.

हसणं ऐकून मॅनेजर आले. “हे कुणी पाठवलं?”

रत्नागिरीचे चाचा टेप न लावता नुसत्या नजरेने फळीचं माप सांगत. ते शांतपणे म्हणाले, “माझी चूक, सर. युनिट बघायचं राहिलं.”

तेव्हा मला फक्त हायसं वाटलं. इतकं सहज दुसऱ्याचं ओझं उचलणारी माणसं किती थोडी असतात, हे आज कळतं. तेव्हा, पुढच्याच क्षणी, त्यांच्या कानावरची पेन्सिल दिसली. सकाळी तिनेच त्यांनी माझ्या प्रिंटवर ‘युनिट?’ असं लिहिलं होतं, आणि त्याचा अर्थ विचारायची लाज वाटून मी नुसती मान डोलावली होती.

एरवी मॅनेजरांसमोर इंग्रजीत पुटपुटणारी मी बाहेर येऊन मोठ्याने म्हणाले, “सर, चाचांनी विचारलं होतं. चूक माझी आहे.”