पुसून दिलेली चप्पल

पैनगंगेच्या धरणात एक नाव बुडालेली आहे. निजामाच्या काळात ती धान्याचे गाडे पार करायची. धरण झालं, गाव उठलं, नाव तळाला राहिली. जाळी अडकून तिच्या फळ्या निखळू लागल्या, म्हणून दोन हजार सालानंतर शहरातून माणसं आली, पाण्याखाली फोटो काढायला. मी मासे धरणारा. माझी होडी त्यांनी भाड्यानं लावली. माझी घरवाली भाकरी बांधून सोबत यायची.

एका फोटोत आधीच्या फोटोचा मोठा तुकडा आला पाहिजे, मग कंप्युटर सगळं सांधून आख्खी नाव उभी करतो, असं ते सांगायचे. तळाचं काही हलवायचं न्हाई, हा त्यांचा नियम.

एकदा भाकरी वाढताना तिची टायरच्या तळाची एक जड चप्पल पाण्यात गेली. मी हसलो. "आता लंगडी घालत जाय घरी."

बुडी मारणाऱ्या पोरानं वर येऊन सांगितलं, चप्पल नावेच्या फळ्यांत अडकली.

"मंग काढ की लेकरा," ती म्हणाली. "मला शुगर हाय. डाक्टर उघड्या पायानं फिरू देत न्हाई."

त्यांचे साहेब म्हणाले, हात लावला की गाळ उठतो, दिवसाचं काम जातं. "उद्या काढू, मावशी."

मी होडीवर अनवाणीच असतो, द्यायला माझी चप्पल नव्हती. बाभळीच्या रानातून ती तशीच गेली. काटा मी सुईनं काढला, जखम भरली न्हाई. दुसऱ्या दिवशी काम आटोपून त्यांची जीप वारंगा फाट्याकडं निघून गेली.

आधी तिचं बोट कापलं, मग पाय. दवाखान्यात शेजारणीला सांगायची, माझी चप्पल निजामाच्या नावेत बसून हाय. मग मेली.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब मोठं चित्र घेऊन आले. "मावशी नाही आल्या?"

"मेली."

"अरेरे," म्हणून त्यांनी चित्र उलगडलं. खिळा न खिळा दिसत होता. मासा एकही नव्हता, हलतं ते कंप्युटर टाकून देतो म्हणे. पण फळ्यांच्या मधे निळ्या पट्ट्याची चप्पल होती. मी तिच्यावर बोट ठेवलं.

साहेब ओशाळले. "तेवढा कचरा राहिला, काका. पुसून पाठवतो."

"नाव पुसा," मी म्हणलो. "चप्पल राहू द्या."

सोबतची पोरं हसली. म्हातारा गमत्या आहे, असं त्यांना वाटलं.

नवीन चित्र शाळेत टांगलं आहे. चपलेच्या जागी फळी आहे, शेजारच्या फळीसारखी. गुरुजी लेकरांना दाखवतात, बघा, तळाला हाय तसंच्या तसं.