साड्यांच्या आडचा सिनेमा

इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातून सुट्टीला आष्ट्याला आले की मला बोलायला कुणी नसे. माझं मराठी ऐकून गल्लीतल्या मुली हसत, म्हणून मी गप्पच राही. वडील नुकतेच फौजेतून निवृत्त झालेले. आम्ही दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखं वागायचो. मी वाट पाहायचे ती फक्त शनिवार दुपारची. तेव्हा गल्लीतला केबलवाला इंग्रजी सिनेमा लावायचा.

एका शनिवारी निम्मी गल्ली आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसलेली असताना पडद्यावरची दोघं नको तितकी जवळ आली. पप्पा उठले आणि टीव्हीला पाठ लावून उभे राहिले, ते दृश्य संपेपर्यंत हललेच नाहीत. नंतर म्हणाले, "पुन्ना असलं दिसलं तर वायरच कापतो."

माझा शनिवार जाणार होता. आई मला घेऊन केबलवाल्याकडे गेली. गोठ्याशेजारच्या खोलीत दोन व्हीसीआर होते. एकावर सिनेमा, दुसऱ्यावर साडीच्या दुकानाची जाहिरात. खटका दाबला की घरोघरी सिनेमाच्या जागी साड्या दिसत, खोलीतल्या छोट्या टीव्हीवर मात्र सिनेमाच चाले.

"मग दाबत का न्हाईस रं?" आईनं विचारलं.

"वैनी, शनवारी मळ्यात दुपारची लाईट असती. कॅसेट लावतो आन् उसाला पाणी पाजाय पळतो. तिथनं कसा दाबू?"

त्याची आई, साऱ्या गल्लीच्या मावशी, कोपऱ्यात शेंगा फोडत होत्या. "मी बसती की हितं. मला काय डोळं न्हाईत?"

पुढच्या शनिवारी मावशींनी कारभार हाती घेतला. बाई-पुरुष जवळ आले, साड्या. स्टेशनवर आईनं मुलाला मिठी मारली, साड्या. डॉक्टरनं नाडी बघायला हात धरला, तरी साड्या. बायका खूश होत्या. पप्पाही मान डोलवत होते. खुनी मात्र मोकळा होता. त्यानं सुरा काढला, भोसकला, रक्त भिंतीवर उडालं, आणि मावशींचा खटका काही हलला नाही. शेजारची पाच वर्षांची पोरगी माझ्या मांडीत तोंड खुपसून थरथरायला लागली.

"पप्पा," मी म्हटलं. सगळे माझ्याकडे वळले. "हे नाही का झाकायचं?"

पप्पांनी त्या पोरीकडे बघितलं. चपला घातल्या आणि गेले. मला वाटलं, पक्कड आणायला गेले. थोड्याच वेळात पडद्यावर साड्या आल्या.

ते केबलवाल्याच्या खोलीत जाऊन बसले होते. मावशी त्यांना म्हणाल्या होत्या, "आरं, मारामारी झाकल्यावर ऱ्हातंय काय?" त्यावर पप्पा म्हणाले, "ते मी बगतो. तुमी तुमचं बगा." त्यानंतर दर शनिवारी दोघं तिथं बसू लागले. कधीकधी निम्मा सिनेमा साड्यांतच जाई आणि लोक दारात येऊन ओरडत, "आवं मेजर, गोष्ट तरी कळू द्या!" वायर कापायचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी चहा घेताना मी धीर करून विचारलं, "पप्पा, शेवटी खुनी सापडला का?"

अख्ख्या आष्ट्यात ते फक्त मावशी आणि पप्पा या दोघांनाच ठाऊक होतं. पप्पांनी कप खाली ठेवला, खुर्ची माझ्याकडे ओढली आणि सुरुवातीपासून सांगायला लागले.