गल्लीभर फिरलेली प्रथिनं
नव्वदच्या दशकातली गोष्ट. टायफॉईडमधून उठलेल्या आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, औषधं पुष्कळ झाली, आता हिच्या पोटात प्रथिनं गेली पाहिजेत. डाळ, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे. नाहीतर ही पुन्हा अंथरूण धरेल. वर पावडरचा एक डबाही लिहून दिला. वडील कुपवाडला कारखान्यात लेथ मशीनवर होते. कामावरून सुटल्यावर ते सायकल मारत सांगलीला गेले आणि डबा घेऊन आले.

पण घरात आलेली नवी वस्तू एकटीनं खायची म्हणजे आईच्या लेखी पापच. तिनं शेजारच्या पाच घरी वाटी वाटी पावडर पोचवली. पाटणहून मामा आला, त्याला चहातून दिली. उरलेली आम्हाला दुधातून. आठवड्यात डबा खलास. वडिलांच्या पँटचं बटण लागेना, मला कुस्तीची स्वप्नं पडू लागली, आणि आई तशीच, फुंकर मारली तर उडेल अशी.

वाटी रिकामी परत करायची नाही ही आमच्याकडची रीत. शेजारणींनी त्याच वाट्यांतून मटकीची उसळ, हुलग्याचं पातळ, पेजेसारखं माडगं, उकडलेली अंडी पाठवली. तीही आईनं आम्हालाच वाढली, आणि आता त्यांच्या वाट्या रिकाम्या कशा द्यायच्या, म्हणून स्वतःच्या वाटणीची डाळ घालून पाठवली. महिनाभर प्रथिनं गल्लीत फिरत होती, फक्त आईला वळसा घालून. मला तिचा भयंकर राग यायचा. उसळ मात्र मी सोडली नाही.

मग एके दुपारी धुणं धुताना तिला चक्कर आली. संध्याकाळी शेजारच्या, मूळच्या जतकडच्या काकू मटकीची वाटी घेऊन आल्या आणि दारातच बसल्या. आईनं वाटी रिकामी करायला पातेलं पुढं केलं. काकूंनी वाटी सोडलीच नाही.

"आता ह्यात काय घालायचं न्हाई, वैनी. तुमी खावा. वाटी मी रिकामीच न्हेणार हाय."

आई खरोखर घाबरली. निदान चिमूटभर साखर तरी घालू द्या म्हणाली. आधी पोरं जेवू देत म्हणाली. काकू हलल्या नाहीत. शेवटी भिंतीकडं तोंड करून, चोरून खाल्ल्यासारखी, ती खायला लागली. आम्ही सगळे बघत उभे. शेवटचा रस्सा तिनं बोटानं पुसून घेतला. आईला मटकी इतकी आवडते, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.