बाबांचं लोह्यातलं भाषण

काल नांदेडच्या एका सभागृहात सतरंज्यांचा कोंदट वास आला आणि मला लोह्याचं वाचनालय आठवलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

शाळेतून निवृत्त झालेले माझे बाबा तिथे बोलत होते. लग्न कुणाशी करायचं, देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात धर्माच्या नावानं गावात दरारा बसवलेली काही पोरं आत आली. बाबांचेच जुने विद्यार्थी. एकानं माईक बंद केला.

"गुरुजी, धरमावर बोलायचं न्हाई."

"मग तू बोल. मी बसून ऐकतो."

तो नुसता समोरच्या लोकांकडे बघत राहिला. माणसं एकेक करून उठली. शेवटी आई आणि मीच उरलो. बाबांनी भाषण पुरं केलं आणि सवयीनं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

आई हळूच म्हणाली, "घरी कोणत्या रस्त्यानं जायचं?"

"रोजच्याच."

आम्ही बाजारातून चालत गेलो. ओळखीचे दुकानदार मान खाली घालून बसले होते. कुणी अंगाला हात लावला नाही, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

आता आई-बाबा दोघंही नाहीत. त्या दिवशी काय गेलं, ते मला उशिरा कळलं. बाबा पुढे पुष्कळ वर्षं जगले, पण गावात त्यांच्याशी परत कुणी वादसुद्धा घातला नाही.